टोचणारीची भीती कोण ऐकणार?

(स्त्री-आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सत्राचा विषय पत्रिकेवर ‘महासाथ, लसीकरण आणि आरोग्य कर्मचाऱ्यांमधील चिंता’ असा छापला आहे. विषय मोठा भारदस्त वाटतो. मी त्याचे साधे मराठी करते. करोनाच्या काळात गावोगाव, वस्तीवस्तीत लसीचा निरोप घेऊन गेलेल्या बायकांना स्वतः लस घेताना काय वाटले? आणि ते ऐकून घ्यायला कोण होते?

लसीकरणाची पत्रके, भिंतीवरची चित्रे, रेडिओवरच्या जाहिराती आठवून बघा. त्यात आरोग्य कर्मचारी नेहमी एकाच रूपात दिसते. ती हसते आहे, तिच्या हातात सिरिंज आहे, आणि ती समोरच्याची भीती घालवते आहे. भीती असते ती गावाची, अडाण्यांची, म्हाताऱ्यांची. तिला स्वतःला काही वाटत असेल, हे त्या चित्रात कुठेच बसत नाही. आणि जे चित्रात बसत नाही ते नोंदवहीतही येत नाही.

आधी ‘आरोग्य कर्मचारी’ म्हणजे कोण, हे बघू. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर पांढरा कोट येतो. पण दवाखान्याच्या उतरंडीत खाली खाली जाल, तशी बायकांची संख्या वाढत जाते आणि पगार कमी होत जातो. नर्स, एएनएम, कंत्राटी सिस्टर, वॉर्डातल्या मावशी, अंगणवाडी ताई, आणि सगळ्यांत खाली आशा. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशाची योजना आली. देशभरात सुमारे दहा लाख आशा आहेत, महाराष्ट्रात सत्तर हजारांच्या आसपास. त्यांना सरकार ‘कर्मचारी’ म्हणत नाही, ‘स्वयंसेविका’ म्हणते. म्हणून त्यांना पगार नाही, कामावर आधारित मोबदला आहे. आणि पगारच नाही, तर आजारपणाची हक्काची रजा कुठली? हा मुद्दा लक्षात ठेवा. आपण बोलणार आहोत त्या चिंतेचे एक मूळ इथेच आहे.

लस येण्याआधीच या बायकांचे वर्ष कसे गेले होते, हेही विसरता येत नाही. मार्च २०२० पासून त्या परगावाहून आलेल्यांच्या याद्या करत होत्या, घरांवर शिक्के आणि पाट्या लावत होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली, तेव्हा घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरल्या. हे काम करताना शिव्या खाल्ल्या, काही ठिकाणी मारही खाल्ला. आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले इतके वाढले की एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारला त्यासाठी अध्यादेश काढावा लागला. आणि घरी परतल्यावर? अंगणात आंघोळ, वेगळे ताट, लेकराला जवळ घ्यायची चोरी. सासू म्हणायची, “हजार रुपयांसाठी घरात रोग आणू नको.” केंद्राकडून करोनाच्या कामाचे महिन्याला हजार रुपये ठरले होते, त्यावरून हा टोमणा.

अशा थकलेल्या, धास्तावलेल्या बायकांपुढे १६ जानेवारी २०२१ रोजी लस आली. पहिला मान त्यांचा, असे सांगितले गेले. पहिला मान म्हणजे पहिली परीक्षाही, हे त्यांना बरोबर कळत होते.

त्या वेळची परिस्थिती नेमकी काय होती? दोन लसींना ३ जानेवारीला आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळाली होती. एक कोविशिल्ड, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली. दुसरी भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष तेव्हा यायचे होते. तिला परवानगी मिळाली तीच ‘चाचणीच्या स्वरूपात’, आणि घेणाऱ्याला संमतीपत्रावर सही करावी लागत होती. कुठली लस घ्यायची, हे निवडण्याची सोय नव्हती. दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी पत्र लिहून कोव्हॅक्सिनऐवजी कोविशिल्ड मागितली. मार्चमध्ये कोव्हॅक्सिनचे अंतरिम निष्कर्ष चांगले आले आणि ‘चाचणीच्या स्वरूपात’ ही अट निघाली. पण जानेवारीतला प्रश्न जानेवारीत रास्तच होता.

आता हे बघा. डॉक्टरांनी प्रश्न विचारला, तेव्हा त्याला ‘शंका’ म्हटले गेले आणि त्याची बातमी झाली. तोच प्रश्न आशाने विचारला, तेव्हा त्याला ‘गैरसमज’ म्हटले गेले आणि तिला समज देण्यात आली. प्रश्न एकच. विचारणारी व्यक्ती कुठल्या पायरीवर उभी आहे, यावर त्याचे नाव ठरले.

त्या वर्षी आमच्या गटाने एका तालुक्यात आशा, अंगणवाडी ताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर यांच्याबरोबर छोट्या बैठका घेतल्या. दहा-बाराजणी, शाळेच्या व्हरांड्यात, अंतर राखून. त्यांचे साहेब हजर नसतील, एवढी एकच अट आम्ही घातली होती. पहिला अर्धा तास सगळ्या म्हणायच्या, “आम्हाला कसली भीती? आम्हीच तर लोकांची भीती घालवतो.” मग कुणीतरी एकजण बोलायची, आणि बांध फुटायचा. त्या बोलण्यातून मला चार वेगवेगळ्या भीती दिसल्या. त्या वेगळ्या करून सांगते, कारण प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे.

पहिली भीती लसीचीच. इतक्या लवकर कशी तयार झाली? पुढे काही झाले तर? एरवी वर्षानुवर्षे बाळांना लस देणाऱ्या सिस्टरही हे विचारत होत्या. त्यांना लस म्हणजे काय, हे कळत नव्हते असे नाही. उलट, त्यांना एरवीच्या लसींची माहिती होती, म्हणूनच ही नवी आहे हे त्यांना जास्त जाणवत होते.

दुसरी भीती बाईच्या शरीराची. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना सुरुवातीला लस द्यायची नाही, असा आदेश होता. कारण चाचण्यांत त्यांना घेतलेले नव्हते. पाजणाऱ्या मातांना मे २०२१ मध्ये आणि गरोदर स्त्रियांना जुलै २०२१ मध्ये परवानगी मिळाली. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली. या सहा महिन्यांत नोकरीवर असलेल्या गरोदर सिस्टरने काय करायचे होते? लस नाही, पण ड्युटी आहे. आणि आजवर पाजणारीला नको म्हटलेली लस आजपासून चालते, असे एका परिपत्रकाने सांगितले, तर मधे काय बदलले, हे तिला कुणी समजावायचे?

पाळीचा प्रश्न तर असाच उडवून लावला गेला. एप्रिल २०२१ मध्ये मोबाईलवर निरोप फिरला, की पाळीच्या आधी आणि नंतर पाच दिवस लस घेऊ नये. हा निरोप खोटा होता आणि सरकारने तसे जाहीरही केले. ते योग्यच झाले. पण त्याच दिवसांत काही बायका एक वेगळी गोष्ट सांगत होत्या. लसीनंतर पाळी पुढे गेली, अंगावरून जास्त गेले. त्यांनाही त्याच निरोपाच्या टोपलीत टाकले गेले. पुढे जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे चार हजार जणींच्या पाळीच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लसीनंतर पाळी सरासरी एका दिवसापेक्षाही कमी काळ लांबली आणि पुढे पूर्ववत झाली, असे त्यात दिसले. नंतर इतर लसींबाबतही साधारण असेच आढळले. म्हणजे बायका सांगत होत्या ते खोटे नव्हते, आणि घाबरण्यासारखेही नव्हते. हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. पण ते कळायला एक वर्ष गेले, कारण लसीच्या मूळ चाचण्यांत पाळीची नोंद ठेवावी, असे कुणाला सुचलेच नव्हते.

तिसरी भीती मजुरीची. लसीनंतर ताप येतो, अंग मोडून येते, दंड दुखतो. एक-दोन दिवसांचा प्रश्न. कायम नोकरीतल्या माणसाला तो एक-दोन दिवसांचाच असतो. आशाला? तिच्या घरी विहिरीवरून पाणी कोण आणणार? सर्व्हे कोण करणार? सर्व्हे झाला नाही तर मोबदला कोण देणार? एक आशाताई म्हणाली, “ताई, लशीची नाही, तापाची भीती वाटते. मी झोपले तर घरातली चूल बी झोपते.” हे वाक्य मानसिक आरोग्याच्या कुठल्या पुस्तकात बसवायचे, सांगा. ही चिंता आहेच. पण तिच्यावरचे औषध दोन दिवसांची भरपगारी रजा, हेच आहे.

चौथी भीती गावाची, आणि माझ्या मते ती सगळ्यांत जड होती. गाव तिच्याकडे बघत होते. “तू घेतलीस का? तुला काय झाले?” तिला ताप आला तर लोक म्हणणार, बघा, लसीने झाला. तिने घेतली नाही तर म्हणणार, बघा, हिचाच विश्वास नाही. आणि समजा, तिने कुणा म्हातारीला हाताला धरून सत्रावर नेले आणि आठ दिवसांनी ती म्हातारी दुसऱ्याच कारणाने गेली, तर? साहेब जिल्ह्याला असतो, लस बनवणारी कंपनी त्याहून लांब असते. आशा त्याच गल्लीत राहते. तिला रोज त्याच घरावरून पाण्याला जायचे असते. सगळ्या व्यवस्थेची जबाबदारी अशी एका बाईच्या उंबरठ्यावर येऊन पडते.

आता मी आपल्या चळवळीकडे वळते, कारण इथे आपल्यालाही एक अवघड प्रश्न आहे. आपण स्त्री-आरोग्याच्या चळवळीतल्या बायका. सुईबद्दल प्रश्न विचारण्याची आपली परंपरा आहे, आणि ती आपण कष्टाने मिळवली आहे. आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली, ती आपल्या आधीच्या पिढीने पाहिली. १९८५ साली आंध्रमधल्या पतनचेरू इथे नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीसाठी बायका गोळा केल्या गेल्या, आणि ही चाचणी आहे हेच त्यांना धड सांगितले नव्हते. १९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना आणि सहेली यांनी इतरांबरोबर सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्ही लस दिली गेली. वसतिगृहाच्या वॉर्डनने, मुख्याध्यापकांनी मुलींच्या वतीने सह्या केल्या. त्या प्रकल्पातल्या मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण संमती घेण्याच्या पद्धतीतले दोष मात्र स्पष्ट झाले, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे मारले.

मग करोनाच्या लसीच्या वेळी आपण कुणाच्या बाजूला उभे राहायचे होते? प्रश्न विचारणाऱ्यांच्या की लस देणाऱ्यांच्या? काही मैत्रिणी त्या वेळी गप्प राहिल्या. प्रश्न विचारला तर लसविरोधी ठरू, आणि लसीचा प्रचार केला तर सरकारचे प्रचारक ठरू, असे त्यांना वाटले. मला वाटते ही कोंडी खरी नाही. आपला झगडा सुईशी कधीच नव्हता. न विचारता, न सांगता टोचण्याशी होता. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पूर्ण माहिती असताना, स्वतःच्या निर्णयाने. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. रोग्याला हात लावणाऱ्या बाईचे संरक्षण हा आपल्यासाठी नवा किंवा परका विषय नाही. तिला लस मिळणे हा तिचा हक्क आहे. आणि ती घेताना खरी माहिती मिळणे हाही तिचाच हक्क आहे. एक हक्क मागताना दुसरा सोडायचे कारण नाही.

लसीने संरक्षण मिळाले का? मिळाले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने दुसऱ्या लाटेत आपल्याच कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. दोन डोस घेतलेल्यांमध्ये रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण ७७ टक्क्यांनी, ऑक्सिजन लागण्याचे ९२ टक्क्यांनी आणि अतिदक्षता विभागात जाण्याचे ९४ टक्क्यांनी कमी दिसले. लसीमुळे गंभीर त्रास कुणालाच झाला नाही का? झाला, पण क्वचित. कोविशिल्डच्या जातीच्या लसीनंतर रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होण्याचा दुर्मिळ आजार युरोपात नोंदला गेला. मे २०२१ मध्ये आपल्याकडच्या राष्ट्रीय समितीनेही गुठळ्यांचे २६ संभाव्य रुग्ण नोंदवले. म्हणजे दहा लाख डोसांमागे एकाहूनही कमी. हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून सांगितले, तर आपल्या बायकांना तोलून बघता येते. रोज दोन किलो डाळीचा भाव तोलणाऱ्या बायका आहेत त्या. पण त्यांना सांगितले गेले ते एवढेच, की “काही होत नाही.” आणि एखादीला ताप आला की पहिले काय मोडते? “काही होत नाही” म्हणणाऱ्यावरचा विश्वास मोडतो.

आमच्या बैठकांतून काय उपयोगी पडले, ते सांगते. मी समाजकार्य शिकले तेव्हा समुपदेशन म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि बंद दार, असे चित्र मनात होते. इथे ते चालले नाही. चालले ते असे. एक, आधी ऐकायचे, मग सांगायचे. पहिल्या बैठकीत आम्ही लसीबद्दल काहीही सांगितले नाही, नुसते प्रश्न फळ्यावर लिहिले. दोन, उत्तर द्यायला ओळखीची, विश्वासाची डॉक्टर बाई आणली, आणि “याचे उत्तर अजून मिळालेले नाही” असे म्हणण्याची तिची तयारी होती. या एका वाक्याने जितका विश्वास बसला, तितका शंभर घोषणांनी बसला नसता. तीन, लस घेऊन आलेल्या बायकांनी आपल्याला काय झाले ते तसेच्या तसे सांगितले. रात्री थंडी वाजली, दोन दिवस हात उचलेना, तिसऱ्या दिवशी ठीक. ज्या आशांनी गावातही हे असेच सांगितले, त्यांच्यावर तिसऱ्या दिवशी कुणी रागावले नाही. चार, लस घेतली त्या दिवशी एकीचे काम दुसरीने करायचे, असे त्यांनी आपसात ठरवले. वरून आदेश आला नव्हता. आणि पाच, ज्या बायकांना महिनोन् महिने झोप नव्हती, छाती धडधडत होती, रडू आवरत नव्हते, त्यांना आम्ही जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात सोबत नेले. सगळीच चिंता व्यवस्थेतून येते, म्हणून बाईच्या जिवाच्या त्रासाकडे दुर्लक्ष करायचे, असे होऊ नये. व्यवस्था बदलेपर्यंत तिला झोप तर लागली पाहिजे.

सगळ्याजणींनी शेवटी लस घेतली का? बहुतेकींनी घेतली. काहींनी उशिरा घेतली. दोघींनी घेतली नाही, आणि आम्ही त्यांना बैठकीतून काढले नाही. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२२ मध्ये स्पष्ट केले, की कुणावरही लसीची सक्ती करता येत नाही, आपल्या शरीरावरचा अधिकार हा मूलभूत अधिकार आहे. त्याच निकालात न्यायालयाने लसीचे सरकारी धोरण अवाजवी नाही असेही म्हटले, आणि लसीनंतरच्या त्रासाच्या नोंदी लोकांपुढे ठेवायला सांगितले. तिन्ही गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. आपल्याला सोयीची तेवढी एक उचलून चालणार नाही.

आता पुढचे. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांनी संप केला, आणि मोबदल्यात महिना हजार रुपयांची वाढ व पाचशे रुपये कोविड भत्ता पदरात पाडून घेतला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. गौरव झाला, पण दर्जा ‘स्वयंसेविका’ हाच राहिला. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लसीसाठी प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली. २०१० साली ज्या लसीवरून एवढे रामायण झाले, त्याच आजाराविरुद्धची ही लस. ती उपयोगाची आहे, आणि आपल्या मुलींना मिळायला हवी. पण तिचा निरोप घेऊन आयांच्या दारात कोण जाणार? पुन्हा आशाच. तेव्हा आयांचे प्रश्न तिच्याच अंगावर येणार.

म्हणून माझ्या मागण्या आणि सूचना थोडक्यात मांडते.

लस घेणाऱ्या प्रत्येक आशा, अंगणवाडी ताई आणि कंत्राटी कर्मचारी बाईला दोन दिवसांची भरपाई मिळावी. नव्या लसीची माहिती मराठीत, आणि जिथे गरज आहे तिथे गोंडी, कोरकू, भिली, पावरीत, फायदे आणि धोके दोन्ही सांगून, आधी कर्मचाऱ्यांना मिळावी आणि त्यांना प्रश्न विचारायला वेळ मिळावा. लसीच्या चाचण्यांत पाळीच्या नोंदी ठेवल्या जाव्यात, आणि गरोदर व पाजणाऱ्या स्त्रियांचा विचार पहिल्यापासून व्हावा. शाळेतल्या मुलींना लस देताना आई-वडिलांची संमती खरी असावी, मुख्याध्यापकांच्या सहीवर भागवू नये. लसीनंतर त्रास झाला तर त्याची नोंद करणाऱ्या आशावर ठपका येऊ नये. आणि आशांना कर्मचारी हा दर्जा मिळावा, कारण त्यावाचून यातले निम्मे कागदावरच राहील.

या मागण्या सरकारकडच्या झाल्या. आपल्या हातात असलेले एक काम मात्र उद्यापासून करता येईल. तुमच्या गटाच्या भागातल्या आशाताईंना तुम्ही नेहमी बोलावता. शिबिराला बायका आणायला, मोर्चाची हाक द्यायला, माहिती गोळा करायला. या महिन्यात त्यांना एकदा दुसऱ्या कशासाठीही न बोलावता बोलवा. चहा करा, दार लावून घ्या, आणि विचारा, “बाई, त्या दोन वर्षांत तुझे कसे गेले?” त्या बोलतील ते लिहून घ्या, नावे न घालता. पुढच्या तिमाही बैठकीला प्रत्येक गटाने निदान पाचजणींची टिपणे आणावीत, असे मी सुचवते. एचपीव्ही लसीसाठी आशांचे प्रशिक्षण कसे असावे, याचे निवेदन आपण त्यांच्याच शब्दांतून तयार करू आणि आरोग्य खात्याला देऊ.

प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेवला आहे. आज इथे ज्या आशाताई आणि सिस्टर आल्या आहेत, त्यांनी आधी बोलावे, अशी विनंती करते आणि थांबते.